मतदार प्रतिनिधी निवडतो. नेता कोण निवडतो?

(जालना येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



निवडणुकीच्या दिवसांत परतूरच्या किंवा घनसावंगीच्या आठवडी बाजारात कार्यकर्ता मते मागत हिंडतो, तेव्हा त्याला पाण्याविषयी, पीकविम्याविषयी, सोयाबीन-कापसाच्या भावाविषयी प्रश्न विचारले जातात. या प्रश्नांची उत्तरे त्याच्याजवळ असतात. परंतु आपल्या मताने राज्याचा कारभार कोणाच्या हाती जाणार, एवढे साधे विचारले की तो निरुत्तर होतो. हा प्रश्न टाळून चालणार नाही. कारण मतदाराचा मतावरचा विश्वास उडाला तर समाजवादाचे राहू द्या, लोकशाहीचेही भवितव्य कठीण आहे.

प्रथम जालना जिल्ह्याचाच अनुभव पाहू. ऑक्टोबर 2019 च्या निवडणुकीत जिल्ह्यातील पाच मतदारसंघांपैकी बदनापूर, भोकरदन व परतूर येथे भाजपचे, जालन्यात काँग्रेसचा आणि घनसावंगीत राष्ट्रवादी काँग्रेसचा उमेदवार निवडून आला. शिवसेनेचा आमदार जिल्ह्यातून एकही आला नाही. जालन्यात कैलास गोरंट्याल यांनी आणि घनसावंगीत राजेश टोपे यांनी शिवसेनेच्याच उमेदवारांचा पराभव केला होता. पुढे काय झाले? 23 नोव्हेंबरच्या पहाटेनंतर देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला आणि 26 तारखेला त्यांनी राजीनामा दिला. 28 तारखेला शिवसेनेचे उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. ते त्या वेळी दोहोंपैकी कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. टोपे त्यांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाले. 30 जून 2022 रोजी एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले.

आता या हिशेबाचा ताळा पाहावा. ज्यांनी शिवसेनेविरुद्ध मत दिले, त्यांच्या मतातून शिवसेनेचा मुख्यमंत्री उभा राहिला. ज्यांनी शिवसेना-भाजप युतीला मत दिले, त्यांची युती निकालानंतर महिन्याभरात मोडली. आणि विशेष हे की, या पाच आमदारांपैकी एकानेही त्या पाच वर्षांत आपला पक्ष सोडला नाही. मतदार बदलला नाही, आमदार बदलला नाही. तरी नेतृत्व तीनदा बदलले. म्हणजे सगळा दोष 'गद्दारी'वर टाकून मोकळे होता येत नाही. दोष अधिक खोल आहे.

यावर कोणी म्हणेल की, संसदीय पद्धतीत मतदार नेता निवडतच नाही. हे अक्षरशः खरे आहे. राज्यघटनेच्या कलम 164 प्रमाणे मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. सभासद नसलेली व्यक्तीही सहा महिने मंत्रिपदावर राहू शकते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी या पद्धतीचे समर्थन केले होते. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. आणि मसुद्याने जबाबदारीला वरचे स्थान दिले आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. मतदार ठरावीक काळाने सरकारची परीक्षा घेतो, तर सभागृह प्रश्न, ठराव आणि अविश्वास यांच्या द्वारे ती रोज घेते.

या योजनेत मतदार आणि नेता यांच्यामध्ये एक दुवा आहे, तो म्हणजे लोकप्रतिनिधी. मतदार त्याला निवडतो. तो आपल्या विवेकाने नेता निवडतो, त्याला जाब विचारतो आणि प्रसंगी खाली खेचतो. हा दुवा जिवंत असेल तर मतदाराने अप्रत्यक्षपणे का होईना, नेता निवडला असे म्हणता येईल. खरा प्रश्न एवढाच की, हा दुवा आज जिवंत आहे काय?

तो फार पूर्वीपासून निर्जीव होत आला आहे. 1980 ते 1985 या काळात महाराष्ट्राला अंतुले, बाबासाहेब भोसले आणि वसंतदादा पाटील असे तीन मुख्यमंत्री मिळाले. 1985 च्या विधानसभेच्या काळात वसंतदादा, शिवाजीराव पाटील निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे चार झाले. एका पक्षाचे निर्विवाद बहुमत असतानाची ही कथा आहे. निर्णय दिल्लीत होत असे, आणि विधिमंडळ पक्ष नेतानिवडीचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना देणारा एका ओळीचा ठराव करीत असे. ही प्रथा काँग्रेसने रुजवली. पुढे काँग्रेसविरोधी म्हणवणाऱ्या पक्षांनीही ती उचलली.

1985 साली 52 व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. तिच्यातील एक-तृतीयांश फुटीची पळवाट 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने बंद केली. हेतू चांगला होता. परंतु परिणाम असा झाला की, एकट्या आमदाराने विवेकाने वेगळे मत दिले तर त्याची आमदारकी धोक्यात येते. आणि मोठा जथा एकदम गेला तर वर्षानुवर्षे निर्णयच लागत नाही. आमदाराला सभागृहात स्वतंत्र बुद्धी उरली नाही आणि पक्षात आवाज उरला नाही. मग तो नेता कसा निवडणार?

मुळात त्याला स्वतःला कोण निवडतो? मतदान ही दुसरी निवड आहे. पहिली निवड उमेदवारीच्या वेळी होते, आणि तेथे तालुक्यातील सभासदाला मत नसते. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा 2022 पासून 40 लाख रुपये आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर प्रवेशाची किंमत जेथे एवढी चढते, तेथे ग्राहकासमोर येणाऱ्या मालाची निवड आधीच होऊन गेलेली असते. सालदार, ऊसतोड कामगार किंवा दोन एकर कोरडवाहू शेतकरी मतदार म्हणून राजा असेल. उमेदवार म्हणून तो या बाजाराच्या वेशीवरच अडतो.

यावर उपाय म्हणून थेट निवडणुकीची मागणी होते. तिचाही अनुभव आपल्या गावांनी घेतला आहे. 2017 साली सरपंचाची थेट निवड सुरू झाली, 2020 मध्ये ती रद्द झाली, 2022 मध्ये पुन्हा आली. नगराध्यक्षाच्या बाबतीत 2016 नंतर हाच खेळ झाला. जालना नगरपरिषदेची 2023 मध्ये महानगरपालिका झाली, आणि महानगरपालिकेत महापौर नगरसेवक निवडतात. म्हणजे शहर मोठे झाले आणि थेट निवडीचा हक्क गेला. प्रत्येक सरकारने आपल्या सोयीने नियम फिरवला. गावाला कोणी विचारले नाही. शिवाय सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचे असले की ग्रामपंचायतीचे काम अडते. आणि पैसा, जात व प्रसिद्धी यांच्या बळावर थेट निवडून आलेल्या एका व्यक्तीला रोज जाब विचारायचा कोणी? रोग पक्षात असताना घटनेवर शस्त्रक्रिया करून तो बरा होणार नाही.

रोग पक्षात आहे याचा पुरावा शिवसेनेच्या वादातच मिळाला. फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व चिन्ह शिंदे गटाला देताना पक्षाच्या घटनेतील लोकशाहीच्या अभावावर बोट ठेवले आणि अखेर आमदार-खासदारांच्या संख्याबळाचा निकष लावला. त्यानंतर मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही, असे स्पष्ट केले. पण राजकीय पक्ष म्हणजे कोण? जेथे सभासदांनी कधी मतच दिले नाही, तेथे सभासदांचे बहुमत मोजणार कसे? लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 29-अ नोंदणीसाठी प्रत्येक पक्षाकडून समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवरील निष्ठा वदवून घेते. पक्षातील उमेदवारीचे मतदान मात्र त्यात सक्तीचे नाही.

दुसऱ्यांकडे बोट दाखवताना स्वतःचे घरही तपासले पाहिजे. 1977 साली जनता पक्षाने हुकूमशाहीचा पराभव केला. परंतु पंतप्रधान कोण, हे नव्या खासदारांनी गुप्त मतदानाने ठरवले नाही. तो निर्णय जयप्रकाशजी आणि आचार्य कृपलानी यांच्यावर सोपवण्यात आला. त्या दोघांची थोरवी निर्विवाद होती, पद्धत मात्र लोकशाहीची नव्हती. 1978 मध्ये महाराष्ट्रात जनता पक्ष 99 जागा मिळवून सर्वांत मोठा ठरला. तरी जुलैमध्ये, ज्यांच्याशी तो काही महिन्यांपूर्वी लढला होता त्या काँग्रेसमधून फुटून आलेल्या शरद पवारांना त्याने मुख्यमंत्री केले. त्या पुलोद सरकारात समाजवादीही होते. त्या सरकारने चांगली कामे केली असतील. पण मतदाराला विचारले होते काय, या प्रश्नाचे उत्तर तेव्हाही 'नाही' हेच होते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी मतदाराला खरे सांगावे. तो नेता निवडत नाही. परंतु तो अगदीच दुबळा नाही. 2024 च्या मे-जूनमध्ये जालना लोकसभा मतदारसंघाने पाच वेळा निवडून आलेल्या केंद्रीय राज्यमंत्र्याला घरी बसवले. घनसावंगी व परतूर ज्यात मोडतात त्या परभणीनेही विरोधी पक्षाचा खासदार दिला. त्याच जिल्ह्याने नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या पाचही जागा महायुतीला दिल्या. हा कौल आपल्याला रुचो वा न रुचो, मतदार पाडू शकतो हे त्याने सिद्ध केले. आणि त्यानंतरही मुख्यमंत्र्याची शपथ व्हायला 5 डिसेंबर उजाडला, हेही त्याने पाहिले. पाडण्याचा अधिकार मतदाराच्या हाती आहे. घडवण्याचा अधिकार त्याला मिळवून देणे हे पक्षाचे काम आहे.

त्यासाठी घटनादुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. उमेदवार तालुक्यातील सभासदांनी गुप्त मतदानाने ठरवावा. आघाडी कोणाशी आणि नेता कोण, हे मतदानापूर्वी जाहीर करावे. निकालानंतर बदल करावा लागला तर तो आधी सभासदांच्या सभेपुढे ठेवावा. विधिमंडळ पक्षाचा नेता आमदारांनीच मत टाकून निवडावा. एका ओळीचा ठराव आपल्या पक्षात कोणी मांडू नये. आमदाराने प्रत्येक अधिवेशनानंतर तालुक्याच्या गावी उभे राहून हिशेब द्यावा. यांपैकी एकाही गोष्टीला सत्ता लागत नाही, पैसा लागत नाही. फक्त वरच्यांनी अधिकार सोडण्याची आणि खालच्यांनी तो घेण्याची तयारी लागते.

पक्ष लहान आहे, ही सबब येथे उपयोगाची नाही. जो पक्ष आपल्या दोनशे सभासदांना मत देऊ शकत नाही, त्याने दोन लाख मतदारांकडे मत मागायला जाऊ नये.