मराठी चित्रपटातील करुण रस



भवभूतीने करुण रसाला सर्व रसांचे मूळ मानले. चित्रपटासारख्या यंत्राधीन कलेला हा रस कितपत साधतो, याची चर्चा ग्रंथालयाच्या व्यासपीठावर होणे उचितच आहे. मराठी पडद्याने प्रेक्षकांना ज्या प्रसंगांनी रडविले, त्यांतील कितीतरी प्रसंग आधी पुस्तकाच्या पानांवर होते.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ना. ह. आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला. कर्जापायी जमीन गमावून शहराच्या वाटेला लागलेल्या शेतकऱ्याची ही कथा. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. तो मूकपट आज पाहावयास मिळत नाही. परंतु ज्यांनी तो पाहिला, त्यांच्या आठवणीत एक दृश्य घर करून राहिले: काळोखात बुडालेली एक झोपडी आणि तिच्यापाशी तोंड वर करून विव्हळणारे कुत्रे. पडद्याला वाचा नव्हती, तरी पाहणाऱ्यांना ते विव्हळणे ऐकू आले. दुःख ज्याचे, तो माणूस त्या चौकटीत नाहीच. राजहंसगडाच्या पायथ्याशी काळ्या मातीवर जगणाऱ्या येळ्ळूरकरांना त्या झोपडीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

कर्जाचा तोच फास ‘श्यामची आई’मध्ये आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले आणि आचार्य अत्रे यांनी १९५३ साली ते पडद्यावर आणले. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याच चित्रपटाला मिळाले. आईच्या मृत्यूच्या प्रसंगी प्रेक्षागृहे हमसून रडली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या अश्रूंची तयारी फार आधीपासून झालेली असते. पायाच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा मुलगा आणि त्याने पाय टेकावेत म्हणून आपले ओले लुगडे धोंड्यावर पसरणारी आई, हा प्रसंग वाचताना कोणी रडत नाही. उलट किंचित हसू येते. वनमालाबाईंची आई डोळे मिटते तेव्हा प्रेक्षकाला ते लुगडे आठवते. श्याम पोहोचतो तेव्हा आई उरलेली नसते. लेकराला उशीर होणे, याहून अधिक दिग्दर्शकाला काही करावे लागत नाही.

१९९१ च्या ‘माहेरची साडी’ने तर गावोगावच्या स्त्रियांना पदर डोळ्यांना लावावयास लावले. समीक्षकांनी त्या चित्रपटाची यथेच्छ थट्टा केली. राजस्थानी चित्रपटावरून घेतलेली ती कथा, तिच्यातील छळ आणि आक्रोश यांना मर्यादा नाही हे खरेच. पात्रेच इतकी रडतात की प्रेक्षकाच्या वाट्याला फारसे उरत नाही. तरीही त्या अश्रूंना हसणे अन्यायाचे ठरेल. अंधारात बसलेली ती माउली पडद्यावरच्या सुनेसाठी थोडी आणि स्वतःसाठी पुष्कळ रडत होती. तिला घरात रडण्याची सोय नव्हती, ती तीन तासांपुरती तिकिटावर मिळाली. तिला हसणाऱ्या समीक्षकांना बहुधा ही सोय घरबसल्या होती!

संयमाचा उत्तम वस्तुपाठ म्हणजे संदीप सावंत यांचा ‘श्वास’. माधवी घारपुरे यांच्या कथेवरील हा चित्रपट २००४ साली राष्ट्रीय पारितोषिकाच्या सुवर्णकमळाचा मानकरी ठरला. ‘श्यामची आई’नंतर मराठीला तो मान मिळण्यास पन्नास वर्षे लागली. कोकणातील आजोबा नातवाला घेऊन शहरात येतात. मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, दृष्टी जाईल. डॉक्टरांचा आग्रह असा की, मुलाला हे आधी सांगितलेच पाहिजे. ते कोणी सांगावे आणि कोणत्या शब्दांत? अरुण नलावडे यांचा आजोबा शब्द शोधत राहतो, आणि बोलीतील रोजचे साधे शब्दही त्या वेळी जड होतात. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते तेव्हा तो नातवाला घेऊन रुग्णालयातून निघून जातो आणि दिवसभर त्याला जग दाखवितो. पोराचा चेहरा आनंदाने फुललेला असतो. इकडे प्रेक्षक मात्र प्रत्येक वस्तू त्या मुलासाठी अखेरची म्हणून पाहू लागतो. पडद्यावर हर्ष आणि प्रेक्षागृहात शोक, असा हा उफराटा व्यवहार आहे. मराठी चित्रपटात याहून करुण प्रसंग दाखविणे कठीण.

नागराज मंजुळे यांनी पुढच्या पिढीत हीच वाट अधिक कठोर केली. ‘फँड्री’त डुकरामागे धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभे राहते, आणि हाती आलेले डुक्कर निसटते. हसावे की रडावे, हे प्रेक्षकाने ठरवावयाचे. ‘सैराट’च्या (२०१६) अखेरीस तर संगीत आणि आवाज पार काढून घेतलेले आहेत. रडत बाहेर पडणारे लहान मूल आणि मागे उमटत गेलेली तांबडी पावले एवढेच उरते.

येळ्ळूरमध्ये हा विषय निघाल्यावर ‘माणूस’ला टाळून चालणार नाही. १९३९ च्या या प्रभातपटात गणपत नावाचा पोलीस शिपाई वेश्यावस्तीतील मैनेला आपल्या आईकडे घेऊन येतो. म्हातारीला मैनेचा पूर्वेतिहास ठाऊक नाही. ती देवभोळी बाई तिला घरची सून मानून मायेने वागविते. ज्या पोरीला आयुष्यभर अपमान पचविता आले, तिला ही माया पचत नाही. ती निघून जाते. कोणी तिला हाकललेले नसते, म्हणूनच तो प्रसंग असह्य होतो.

ही मैना रंगविणाऱ्या शांता हुबळीकर हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या, कन्नड मुलखातील. जुलै २०१४ मध्ये ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ हा फलक पाडला गेला आणि ग्रामस्थांना लाठ्या सोसाव्या लागल्या. ती जखम आपल्या जागी आहे, आणि भाषेच्या हक्काची मागणीही तितकीच रास्त आहे. परंतु मराठी घराच्या उंबरठ्यावरून परतलेल्या त्या मैनेसाठी मराठी माणूस रडला, तेव्हा ती मूळची कोणत्या मुलखाची, हे त्याने विचारले नव्हते. १९९२ साली शांताबाई निवर्तल्या. त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे वृद्धाश्रमात गेली.