पिवळ्या पाटीची गाडी आणि आपला हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून कापसाच्या खरेदीवर बोलणं झालं. माझा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागे काही जण हसले. जुनी मोटार घ्यावी की नाही, हा काय बैठकीत बोलायचा विषय आहे? पण कापूस विकला की आपल्या ओट्यावर दोन माणसं हमखास येतात. एक वसुलीवाला आणि दुसरा गाडीचा दलाल. पहिल्यावर आपण वीस भाषणं केली. दुसऱ्यावर एकही नाही.

मागच्या बैठकीनंतर आपल्यातल्याच एका तरुणाने मला गाठलं. नाव सांगत नाही, तो इथेच बसला आहे. साडेसहा एकर कोरडवाहू, तीन एकरात कापूस, बाकी ज्वारी आणि तूर. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याला न्यावं लागतं. जायला ४५ किलोमीटर, यायला तेवढेच. तो म्हणाला, "सर, टुरिस्टला चाललेली गाडी मिळते आहे. २०१९ ची, डिझेल, अडीच लाखात. लोक म्हणतात, भाड्याची गाडी म्हणजे पिळून काढलेला ऊस. घेऊ का?"

मी म्हटलं, ऊस नंतर बघू. आधी कागद-पेन्सिल काढ.

क्विंटलभर कापसाला खर्च किती येतो हे आपण सरकारला वर्षानुवर्षं मांडून दाखवतो. जमिनीचा खंड धरतो, घरच्या माणसांची मजुरी धरतो, बैलाचा घसारा धरतो. आणि गाडी घेताना फक्त किंमत आणि डिझेल धरतो! तर हिशेब असा झाला. अडीच लाखांवर बारा टक्क्यांनी व्याज ३०,००० रुपये. रोख घेतली तरी व्याज धरायचं, कारण तेच पैसे कर्जात भरले असते तर तेवढं व्याज वाचलं असतं. गाडीची किंमत वर्षाला ३०,००० ने उतरेल. विमा १२,०००. टायर, बॅटरी, ऑइल, किरकोळ दुरुस्ती मिळून ३०,०००. हे माझे अंदाज आहेत, तुमचे वेगळे असतील. बेरीज १,०२,००० रुपये. गाडी दारात उभी राहिली तरी हा खर्च आहे.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. म्हणजे साडेबारा क्विंटल कापूस. कोरडवाहू एकरी चार-पाच क्विंटल उतारा धरा. या पोराचं तीन एकराचं सगळं पीक, तेही हमीभाव मिळाला तर, आणि बियाणं-वेचणीचा खर्च वजा न करता! ज्याला महिन्यातून एकदा तालुक्याला आणि वर्षातून चार लग्नांना जायचं आहे, त्याच्यासाठी प्रश्न इथेच संपला. त्याने एसटीने जावं, अडीनडीला भाड्याने गाडी करावी. त्यात कमीपणा नाही.

पण याचा प्रश्न संपला नाही. वर्षाला १०४ खेपा. गावातला गाडीवाला खेपेला १,६०० घेतो, म्हणजे १,६६,४०० रुपये. स्वतःची गाडी असली तर ९,३६० किलोमीटर होतात. लिटरला १८ चा ॲव्हरेज धरला तर ५२० लिटर डिझेल, ९० रुपयांनी ४६,८००. वरचे एक लाख दोन हजार मिळवले की १,४८,८००. वाचले १७,६००. एक क्लचप्लेट आणि इंजेक्टरचं काम निघालं की ते गेले. म्हणजे पैशाने पारडं जवळपास सारखंच आहे. फरक दोन गोष्टींचा. रात्री दोनला आईला दम लागला तर गाडीवाला फोन उचलेलच असं नाही. उलट डायलिसिसच्या दिवशी आपली गाडी सुरूच झाली नाही, तर वाचवलेल्या पैशाला काय चाटायचं? तेव्हा सगळा भार एका प्रश्नावर येतो : ही गाडी भरवशाची आहे का?

आता उसाकडे येतो. भाड्याने चाललेली गाडी वाईटच असते, हे खरं नाही. इंजिन सर्वांत जास्त झिजतं ते थंड असताना सुरू करण्यात आणि गल्लीबोळात. हायवेवर एका चालीने धावलेल्या दोन लाख किलोमीटरपेक्षा गावात घर ते पानटपरी धावलेले ऐंशी हजार कधीकधी महाग पडतात. पिवळ्या पाटीची गाडी चालकमालकाची असेल, तिच्यावर त्याची चूल चालत असेल, तर तो ऑइल वेळेवर बदलतो. बैल भाड्याने देणारा बैलाला पेंड चारतोच. मला जास्त भीती वाटते ती काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या गाडीची. ती आपणच चालवायच्या भाड्याची. रोज नवा हात, आणि खड्ड्यात आदळली तर घाव गाडीला, पैसे कंपनीचे. तिचा मीटर कमी दिसतो म्हणून माणसं भुलतात. मोठ्या कंपनीकडे सर्व्हिसची नोंद मात्र नीट असते. ती नोंद मागा. देत नसतील तर उठा.

मीटरवर मी स्वतः फसलो आहे. २०१६ साली तालुके फिरायला म्हणून शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून टुरिस्टची गाडी घेतली. मीटर ७८,००० चा. पहिल्या सर्व्हिसिंगला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नंबर टाकला, तर दोन वर्षांपूर्वीचीच नोंद १,६४,००० ची निघाली. शेती शाळा शिकलेला मी, मातीचा सामू दोनदा तपासल्याशिवाय बोलत नाही, आणि काचेमागचा आकडा खरा धरून बसलो! ब्रेकच्या पायडलचं रबर गुळगुळीत झालं होतं, स्टिअरिंग चकाकत होतं. दिसत होतं, बघितलं नाही. घरी मंडळी म्हणाली, "बैलाचे दात बघता, तसं हिचं तोंड उघडून बघायचं होतं."

वर फायनान्सचा बोजा आरसीवर तसाच होता. आरसी बुक म्हणजे गाडीचा सातबारा. बोजा उतरल्याशिवाय फेरफार होत नाही. फायनान्सवाल्याची नाहरकत आणि त्याच्या सहीचा ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नका. गाडीचा नंबर टाकला की परिवहन खात्याच्या ॲपवर नोंदणीची तारीख, मालक कितवा, बोजा, विमा, फिटनेस दिसतं. थकलेली ई-चलानंही पाहा, ती गाडीबरोबर तुमच्या गळ्यात येतात. पिवळीची पांढरी करायची तर आरटीओत परमिट जमा करावं लागतं, कराचा फरक भरावा लागतो. हा खर्च कोणाचा, ते भाव करतानाच ठरवा. नावावर झाली की १४ दिवसांत विमाही नावावर करून घ्या.

दलाल आणखी एक गाजर दाखवतो. "पांढरी पाटी करा, लग्नसराईत चार भाडी मारा, हप्ता निघून जातो." हे करू नका. खाजगी गाडीत पैसे घेऊन माणसं बसवली आणि अपघात झाला, की विमा कंपनी हात वर करते. मग मेलेल्या-मोडलेल्यांची भरपाई तुमच्या साडेसहा एकरातून. भाडं मारायचंच असेल तर उजळ माथ्याने पिवळी ठेवा. चालकाला आता वेगळा बिल्ला लागत नाही, साधं मोटारीचं लायसन चालतं, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ ला म्हटलं आणि २०२४ ला पाच न्यायाधीशांनी कायम केलं. मात्र विमा महाग पडेल, आणि फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. २०१९ ची गाडी म्हणजे २०२७ पासून दरवर्षी.

भावाचंही सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवी स्वस्त झाली तर जुनीचा भाव उतरायला हवा, पण दलाल आधीचाच आकडा सांगतो. आपला माल असता तर त्याने सकाळीच भाव पाडला असता. या पोराला मी म्हटलं आहे, मीटर २,४०,००० चा आहे, सव्वादोनच्या वर जायचं नाही. उरलेले पंचवीस हजार पहिल्याच महिन्यात टायमिंग, क्लच आणि टायरला लागणार.

येत्या रविवारी आम्ही दोघं आणि आपला तालुक्याचा मिस्त्री गाडी बघायला जाणार आहोत. मिस्त्रीची पाचशे रुपये मजुरी आधीच देऊन ठेवली आहे, म्हणजे तो दलालाचा चहा पिणार नाही. गाडी रात्रीपासून बंद ठेवायला सांगितलं आहे. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर तिथूनच परत. थंड असेल तर सुरू करून धूर बघायचा. निळा असेल तर इंजिन ऑइल खातं. मग ऑइलचं झाकण उघडायचं. तिथून भसाभसा धूर आला तर रिंगा गेल्या. तेवढ्यातून पास झाली, तर आईला मागे बसवून एक खेप त्याच रस्त्याने दवाखान्यापर्यंत. मालक त्याला तयार नसेल, तर गावातल्या गाडीवाल्याशी वर्षाचा ठराव करून खेपेचे १,४०० करता येतात का, ते सोमवारी बघू.