गैरहजर स्त्रीची नोंद

सुरतेच्या यंत्रमागांच्या खडखडाटात मराठी बोल सहज कानी पडतात. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली असंख्य कुटुंबे उधना आणि लिंबायत भागांत स्थिरावली आहेत. अशा वस्तीतील एखाद्या गृहिणीच्या रक्तात एचआयव्हीचे विषाणू आढळले, तर पुढे तिचे काय होते, या प्रश्नाचे उत्तर एका तपासणीने मिळत नाही. त्यासाठी वर्षे द्यावी लागतात.

1993 ते 1996 या काळात पुण्यातील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांची तपासणी केली. वेश्याव्यवसायात नसलेल्या 391 स्त्रियांपैकी 13.6 टक्के स्त्रियांना हा संसर्ग झालेला आढळला. हा आकडा दवाखान्यात आलेल्यांचा आहे, साऱ्या समाजाचा नव्हे. तथापि एकनिष्ठ पत्नीच्या घरातही हा रोग पतीच्या पावलांनी शिरतो, हे त्यातून उघड झाले.

पुढचा प्रश्न दीर्घ आयुष्याचा. अमेरिकेत 1993 साली सुरू झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांची दर सहा महिन्यांनी तपासणी होऊ लागली. त्यात संसर्ग नसलेल्या स्त्रियाही घेतल्या होत्या. कारण वय व दारिद्र्य यांची दुखणी कोणती आणि विषाणूची कोणती, हे तुलनेवाचून उमगत नाही. अशा संशोधनांतूनच कळले, की या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना त्यांना वयाच्या पंचविशीपासून दर 3 ते 5 वर्षांनी तपासणी सुचविते.

परंतु माग बंद पडला, पेरणीला गावी जावे लागले, की बाई तपासणीस येत नाही. वहीतील तिची ओळ रिकामी राहते. पुष्कळदा अधिक आजारी, अधिक गरीब तीच गळते. मग उरलेल्यांची सरासरी वास्तवापेक्षा उजळ दिसते व संशोधक फसतो.

2004 पासून सरकारी केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात आणि एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात नावही वर्ग करून घेता येते. रुग्णाची माहिती संमतीवाचून उघड करण्यास 2017 च्या कायद्याने मनाई केली आहे. हे त्या स्त्रीस तिच्या भाषेत, धीराने सांगणे, हेही संशोधनाचेच अंग होय. सुरतेहून खानदेशात परतलेली स्त्री तेथील केंद्रात निःशंकपणे पाऊल टाकील, तेव्हाच तिचे औषध चालू राहील आणि वहीतील तिची ओळही पूर्ण होईल.