काजव्याचा उजेड आणि गाठीचा रिपोर्ट

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ते, व्याज, सोयाबीनचा भाव बोलतो. आज आम्ही स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टाबद्दल बोलणार आहोत. उपचारासाठी कर्ज मागितलं जातं, तेव्हा तो कागद आपल्याला वाचता आला पाहिजे.

आपल्या पेशींच्या अंगावर निरोप घेणारे ग्राही असतात. डॉक्टर त्यांना रिसेप्टर म्हणतात. बाहेरून वाढीचा निरोप आला की ते आत कळवतात, आणि एका पेशीच्या दोन होतात. काही गाठींत हर-टू नावाचे ग्राही फार वाढलेले असतात. मग निरोप येवो न येवो, वाढ सुरूच. स्तनाच्या कर्करोगात साधारण पाचातली एक गाठ अशी असते.

पेशीच्या आतलं हे कळतं कसं? शास्त्रज्ञांनी काजव्याला कामाला लावलं. हो, मृगाच्या सुमारास बांधावर लुकलुकतो तोच! त्याच्या उजेडाचा जनुक प्रयोगशाळेतल्या पेशीत असा बसवतात, की ग्राहीचा निरोप आत पोचला तरच तो चालू होईल. वरून एक द्रव्य घातलं की पेशी उजळते. उजेड इतका मंद, की यंत्रानंच मोजावा लागतो. ग्राही अडवणारं औषध घातल्यावर उजेड घटला, तर निरोप अडला असं समजायचं. प्रयोगाच्या पेशींचं मोठं भांडार पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आहे. बियाण्यासारख्या तिथून त्या देशभर जातात.

हर-टूवरचं ट्रॅस्टुझुमॅब अमेरिकेत 1998 मध्ये मंजूर झालं. 2014 मध्ये बंगळुरूच्या बायोकॉननं तसंच औषध भारतात आणलं. असं औषध मूळ औषधासारखंच काम करतं, हे पेशींवरही तपासून दाखवावं लागतं. तरी ते आपल्याला स्वस्त नाहीच.

म्हणून कर्ज काढण्याआधी रिपोर्टात हर-टूपुढे काय लिहिलंय ते पाहा. 0 किंवा 1+ म्हणजे निगेटिव्ह. ट्रॅस्टुझुमॅब त्या गाठीसाठी नाही. 3+ म्हणजे पॉझिटिव्ह. 2+ असेल तर नक्की सांगता येत नाही, ‘फिश’ नावाची आणखी एक तपासणी लागते. ती झाली का, हे डॉक्टरांना विचाराच. आणि बाई गं, इथला निगेटिव्ह म्हणजे कर्करोग नाही असं नव्हे! तो शब्द वाचून उपचार सोडू नका. त्या गाठीला दुसरी औषधं असतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मूळ रिपोर्ट स्वतःजवळ ठेवा, गटाच्या फाइलला लावू नका.