पाटणचा राजचौक



पाटण म्हटलं की कुणाला साताऱ्याकडचं आठवेल, कुणाला गुजरातेतलं. आज बोलायचंय ते नेपाळमधल्या पाटणबद्दल, म्हणजेच ललितपूरबद्दल. काठमांडूहून दक्षिणेला बागमती ओलांडली की आलंच. मल्ल राजांच्या वाड्यासमोरच्या चौकात शिरलं की वाटाडे सांगू लागतात, हे देऊळ हिंदूंचं, तो विहार बौद्धांचा. माझं ऐकाल तर ही वाटणी फारशी मनावर घेऊ नका.

नजर आधी जाते कृष्णमंदिराकडे. राजा सिद्धिनरसिंह मल्लानं १६३७ साली बांधलेलं, सगळं दगडी, एकवीस कळसांचं. भिंतींच्या पट्ट्यांवर महाभारत आणि रामायण कोरलंय, समोर खांबावर हात जोडलेला गरुड. जवळच भीमसेनाचं देऊळ. आपला भीम गदेसाठी आणि भुकेसाठी प्रसिद्ध. तिथल्या नेवार समाजातले व्यापारी मात्र त्याच्याकडे धंद्यात बरकत मागतात!

वाड्यात राजघराण्याची देवी तलेजू. तुळजापूर आठवलं ना? काही अभ्यासकही तिचं नातं तुळजाभवानीशी जोडतात. पण या देवीचं जिवंत रूप म्हणून जी कुमारी पुजली जाते, ती असते बौद्ध वज्राचार्य घरातली मुलगी. हिंदू राजे तिच्यापुढे वाकत.

आणि मच्छिंद्रनाथ! आपल्या नवनाथांतले, ज्ञानदेवांच्या गुरुपरंपरेतले. पाटणात ते 'रातो', म्हणजे तांबडे मच्छिंद्रनाथ. बौद्ध त्यांनाच लोकेश्वर मानतात आणि पूजाही बौद्ध पुजारीच करतात. कथा अशी, की गोरक्षनाथ पाऊस देणाऱ्या नागांना दाबून ध्यानाला बसले आणि बारा वर्षं पाऊस पडला नाही. मग त्यांच्या गुरूंना, म्हणजे मच्छिंद्रनाथांना आणलं. गुरू आले तर शिष्याला उठावंच लागणार. तो उठला, नाग सुटले, पाऊस कोसळला. मला या गोष्टीतली युक्ती फार आवडते.

मच्छिंद्रनाथांचा उंच रथ वैशाखात शहरभर ओढतात. ज्योतिषी त्याचा मुहूर्त काढायला बसतात ते याच चौकातल्या मणिमंडपात. २०१५ च्या भूकंपात तो मंडप कोसळला, चौकातलं चारनारायणाचं देऊळही गेलं. कारागिरांनी ढिगाऱ्यातली जुनी कोरीव लाकडं निवडून काढली आणि दोन्ही वास्तू पुन्हा उभ्या केल्या. तेव्हा जमलं तर वैशाखातच जा. रथाचा दोर ओढणाऱ्यांत हिंदू कोण नि बौद्ध कोण, हे तुमच्या वाटाड्यालाच विचारून बघा.