डाव्या पानावरची मराठी

२०२४ साली हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या यादीत तेराव्या शतकातल्या एका मराठी लेखकाचं नाव आलं. म्हाइंभट. ग्रंथ ‘लीळाचरित्र’, मराठीतला आद्य गद्यग्रंथ. ‘मूर्ती क्लासिकल लायब्ररी’ या मालेत त्याचा पहिला खंड ‘गॉड ॲट प्ले’ या नावानं निघाला. या मालेत डाव्या पानावर मूळ मजकूर त्याच्या लिपीत आणि उजव्या पानावर इंग्रजी अनुवाद असतो. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या आठवणी तिथं देवनागरीत छापून आल्या आहेत.

हा ग्रंथ टिकला कसा, ते ऐकण्यासारखं आहे. चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातल्या माणसांना गाठून आठवणी गोळा केल्या, रिद्धपूरला बसून त्या लिहून काढल्या. पुढे धामधुमीत मूळ प्रत हरवली. मग अनुयायांनी पाठ असलेलं पुन्हा जुळवलं, त्यामुळे एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ तयार झाले. पोथ्या सांकेतिक लिपीत गेल्या आणि कैक शतकं पंथाबाहेरच्या कुणाला त्या वाचताच येईनात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली.

या खंडाच्या संपादक आणि अनुवादक ॲन फेल्डहाउस. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत त्या प्राध्यापक होत्या आणि महानुभाव वाङ्मयाचा त्यांचा अभ्यास कितीतरी जुना. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या चरित्राचा त्यांचा अनुवाद ऑक्सफर्डनं १९८४ साली काढला. ‘स्मृतिस्थळ’ १९९२ मध्ये हवाई विद्यापीठाच्या प्रेसनं छापलं, ते शं. गो. तुळपुळे यांच्या जोडीनं. या दोघांनी मिळून जुन्या मराठीचा कोशही रचला. तुळपुळे १९९४ साली गेले. कोश १९९९ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं आणला. हार्वर्डच्या खंडाची खरी पूर्वतयारी या कोशात आहे. यादवकाळातला एकेक शब्द नक्की करत गेल्याशिवाय ‘लीळाचरित्रा’चं एक पानही इंग्रजीत नेता येत नाही. हे काम फार मोठं आहे, आणि मराठी घरांत त्याची चर्चा फारच कमी होते.

विद्यापीठीय प्रकाशनांचा वेग असाच संथ. हस्तलिखित आलं की बाहेरचे जाणकार ते वाचतात, शेरे देतात, मग प्राध्यापकांची समिती होकार देते. रा. चिं. ढेरे यांचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ मराठीत १९८४ साली आलं, ऑक्सफर्डच्या इंग्रजी आवृत्तीला २०११ उजाडलं. तो अनुवादही फेल्डहाउस यांचाच.

सगळंच काही संतांचं आणि पंथांचं नाही. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ २००९ साली कोलंबिया युनिव्हर्सिटी प्रेसकडून आलं. अनुवाद माया पंडित यांचा. आयदान म्हणजे बांबूच्या सुपल्या, टोपल्या, करंड्या. उर्मिलाताईंची आई कोकणात त्या विणून घर चालवायची. बांबूच्या चोयी एकीखालून दुसरी घालत जाणारे ते हात या आत्मकथनात पुन्हापुन्हा दिसतात, म्हणूनच इंग्रजी नावात ‘वीव्ह’, म्हणजे वीण, हा शब्द आला असावा. त्याच कोलंबियात १९१३ ते १९१६ बाबासाहेब आंबेडकर शिकले. त्यांनी दिलेल्या बळावर उभ्या राहिलेल्या एका लेखिकेचं पुस्तक त्या विद्यापीठाच्या नावानं निघालं, याचा आनंद काही वेगळाच.

पुन्हा ‘स्मृतिस्थळा’कडे यायला हवं. चक्रधरांनंतर पंथाची धुरा सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांसमोर शिष्य संस्कृत बोलू लागले, तेव्हा त्यांनी अडवलं. चक्रधरांनी आपल्याला जे सांगितलं ते मराठीत, तेव्हा विचारायचं तर मराठीतच विचारा, असं त्यांचं म्हणणं. ग्रंथ संस्कृतात रचायची गोष्ट निघाली, तेव्हाही त्यांना पंथातल्या म्हाताऱ्या बायका आठवल्या. त्यांना तो कळायचा कसा? हार्वर्डच्या त्या खंडाचं डावं पान उघडलं तर भारतातून दोन महिन्यांसाठी परदेशातल्या नातवाकडे आलेली आजी अडखळत का होईना, ते वाचू लागेल. उजवं पान नातवाचं.