मोटारीचा मागील दिवा वारंवार कां जातो ?



मोटारीचा पुढील दिवा बिघडला तर हांकणाऱ्याला तें तत्काळ कळतें. समोरचा रस्ताच अंधारांत बुडतो. मागील दिव्याचें तसें नाहीं. तो विझला तरी मालकाला पत्ता नसतो, आणि धोका मात्र मागून येणाऱ्यालाही असतो. ताशीं 80 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें 22 मीटर अंतर तोडते. पावसाळी रात्रीं घाटांत, पुढें कोणी आहे हें तिला कळावें कसें ? हा दिवा एकदां गेला तर बल्ब बदलून भागतें. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा गेला, तर बल्बाला दोष देणें सोडून चौकशी केली पाहिजे.

काढलेला बल्ब प्रथम फेकूं नये; मुख्य साक्षीदार तोच. तो उजेडासमोर धरून आंतील तंतु पाहावा. पुष्कळ गाड्यांत एकाच बल्बांत दोन तंतु असतात : 5 वॅटचा नित्याचा, आणि ब्रेक दाबतांच पेटणारा 21 वॅटचा. दोन्ही शाबूत असतील, तर बिचाऱ्याला विनाकारण बडतर्फ केलें असें समजावें. नवा बल्ब घालतांच दिवा लागतो, आणि येथेंच बहुतेकांची फसगत होते. वास्तविक बल्ब बसवतांना होल्डरांतील गंज किंचित् घासला जातो, म्हणून तो लागतो. कांहीं आठवड्यांनीं गंज चढला कीं पुन्हां अंधार.

वीज बॅटरीपासून तारेनें दिव्याकडे येते. परत जातांना मात्र बहुधा गाडीच्या पत्र्यांतून जाते. या परतीच्या वाटेला मिस्त्री लोक अर्थिंग म्हणतात. पत्र्याला जोडणाऱ्या स्क्रूखालीं गंज धरला, आणि मुंबई-कोंकणच्या खाऱ्या दमट हवेंत तो लवकर धरतो, कीं ही वाट अडते. मग वीज शेजारच्या तंतूंतून मार्ग काढूं पाहते. इंडिकेटर लुकलुकतांना त्याच तालावर मागील दिवाही मिणमिणूं लागला, तर संशय येथेंच घ्यावा. खात्रीसाठीं दिवे लावून मीटरचें एक टोक होल्डरच्या अर्थिंगला व दुसरें बॅटरीच्या ऋण टोकाला लावावें. कांटा शून्याजवळ राहिला पाहिजे. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाखवूं लागला, तर स्क्रू काढून पत्रा पॉलिश-पेपरनें लखलखीत घासावा.

तंतु खरोखरच तुटला असेल तर प्रश्न निराळा. एकाच बाजूचा बल्ब पुनःपुन्हां जात असल्यास होल्डर सैल आहे काय, डिकी फार जोरानें आपटली जाते काय, हें पाहावें. दोन्ही बाजूंचे जात असल्यास इंजिन चालू ठेवून बॅटरीवरील दाब मोजावा. 12 व्होल्टांच्या गाडींत तो 14 च्या आसपास असावा; 15 च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला. दाब शेंकडा 5 वाढला तरी बल्बाचें आयुष्य सुमारें निम्म्यावर येतें.

फ्यूज उडत असेल, तर डिकीच्या बिजागरीशीं घासून सोललेली तार शोधावी. तेथें मोठा फ्यूज घालण्याची सूचना कोणी केली तर ती साफ नाकारावी. मग फ्यूजऐवजीं तारच जळते. एलईडी दिव्यांत तंतु नसतो, परंतु पाणी व गंज त्यांचेही शत्रूच.

राहिलें रोजचें पाहणें. रात्रीं निघण्यापूर्वीं गाडीची पाठ भिंतीकडे करून दिवे लावावे, ब्रेक दाबावा, आणि आरशांत पाहावें. भिंतीवर दोन्हीकडे सारखा तांबडा उजेड पडला पाहिजे.